१९६९ च्या कूगरमध्ये ७.३ लिटरचे ट्रक इंजिन

मर्क्युरी कूगर ही गाडी फोर्ड मस्टँगच्याच सांगाड्यावर, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर तीन इंचांनी वाढवून तयार केलेली, थोडी अधिक ऐटबाज आणि बाजारभावाने आजही मस्टँगपेक्षा स्वस्त अशी गाडी आहे. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती परवडली, याचे पहिले कारण हेच. दुसरे कारण असे की, माझ्या हाती आलेल्या १९६९ च्या कूगरमधले ३५१ विंडसर इंजिन तिचे मूळचे नव्हते. ब्लॉकवर ओतकामाच्या वेळी उमटवलेली तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेनंतरची होती, म्हणजे कोणा आधीच्या मालकाने ते बदलले होते. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या व्यवहारात गाडीचा आणि इंजिनाचा मूळ जोड टिकून असणे फार मोलाचे मानले जाते, आणि ते योग्यच आहे. मूळ ४२८ कोब्रा जेट इंजिन असलेल्या कूगरला हात लावण्याची माझी छाती झाली नसती आणि कोणी तसे केलेले मला आवडतही नाही. माझ्या गाडीत मात्र जपण्यासारखा असा इतिहास उरलेला नव्हता.

त्या जागी मी फोर्डचे ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले. हे इंजिन २०२० च्या मॉडेलपासून सुपर ड्यूटी ट्रकमध्ये येते आणि सगळे त्याला गॉडझिला या टोपणनावाने ओळखतात. घनइंचांत सांगायचे तर ते ४४५ घनइंचांचे आहे, सिलिंडरचा व्यास १०७.२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, क्रँकशाफ्ट घडीव पोलादाची. २०२० च्या एफ-२५० ट्रकमध्ये ते मिनिटाला ५५०० फेऱ्यांना ४३० अश्वशक्ती आणि ४००० फेऱ्यांना ४७५ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत असे. हे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९६९ मध्ये ३५१ विंडसरच्या दोन बॅरल कार्ब्युरेटरच्या आवृत्तीसाठी कंपनी २५० अश्वशक्ती सांगत असे, पण ती ग्रॉस पद्धतीने, म्हणजे गाडीतला सायलेन्सर, एअर फिल्टर, पंखा असे शक्ती खाणारे भाग बाजूला ठेवून मोजलेली असे. अमेरिकेत नेट पद्धतीचे आकडे १९७२ पासून सर्रास देऊ लागले. त्यामुळे २५० आणि ४३० मधला खरा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

तरीही केवळ शक्तीसाठी हे इंजिन निवडले असे म्हणता येणार नाही, कारण शक्ती फोर्डच्याच पाच लिटरच्या कोयोटी इंजिनातही भरपूर आहे. प्रश्न रुंदीचा होता. कोयोटीत प्रत्येक हेडवर दोन याप्रमाणे चार कॅमशाफ्ट असतात, आणि त्यामुळे त्याची हेड इतकी रुंद होतात की साठच्या दशकातल्या फोर्ड गाड्यांच्या बोनेटखाली ते बसवताना गाडीचा पुढचा भाग जवळजवळ नव्याने रचावा लागतो. गॉडझिलाची रचना जुन्या वळणाची आहे. ब्लॉकच्या मध्यभागी एकच कॅमशाफ्ट, तिच्यावरून पुशरॉड, आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. हेड आटोपशीर राहतात. वजनही भीती घालणारे नाही. ते अडीचशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे संपूर्ण बिडाच्या जुन्या ३५१ पेक्षा किंचितच जास्त आणि तीनशे किलोच्या घरात जाणाऱ्या ४२८ पेक्षा बरेच कमी. शिवाय एक योग असा की, ३५१ विंडसरला ज्या कॅनडातल्या विंडसर शहराचे नाव मिळाले, तिथेच गॉडझिलाही तयार होते. डेट्रॉइटच्या नदीकाठी उभे राहिले की विंडसर पैलतीरावर दिसते.

भारतात वाढलेल्या माणसाला इंजिन बदलण्याची कल्पना परकी वाटत नाही. अ‍ॅम्बॅसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या उद्योगाचा गाभा ठाऊक असतो. फरक हेतूत आहे. तिथे पेट्रोलचा खर्च वाचवायचा असे, इथे मी तो डोळसपणे वाढवत होतो. कायद्याच्या बाबतीत मिशिगन सोयीचे राज्य आहे. इथे खासगी मोटारींची प्रदूषण चाचणी किंवा ठरावीक काळाने तपासणी होत नाही, आणि नोंदणी गाडीच्या सांगाड्याच्या क्रमांकावर असल्यामुळे इंजिन बदलले म्हणून नवी कागदपत्रे करावी लागत नाहीत. भारतात हेच करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी घ्यावी लागेल.

इंजिन मी अपघातग्रस्त ट्रकमधून काढलेले घेतले. फोर्डच्याच फोर्ड परफॉर्मन्स या विभागाकडून पेटीबंद नवे इंजिनही मिळते, आणि ज्यांना जुन्या इंजिनाची पारख नाही त्यांनी तेच घ्यावे असे माझे मत आहे. वापरलेले इंजिन घेताना मी अपघात कोणत्या बाजूने झाला हे आधी पाहिले. समोरून मार बसलेल्या ट्रकचे इंजिन मी पाहायलाही गेलो नाही, कारण पुलीवर बसलेला धक्का क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचलेला असू शकतो आणि तो वरून दिसत नाही. मागून धडक बसलेल्या ट्रकचे इंजिन मिळाल्यावर ऑइल काढून ते चुंबकावरून ओघळू दिले, ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहिल्या, प्लग काढून सिलिंडरच्या भिंती छोट्या कॅमेऱ्याने तपासल्या आणि सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. शेवटी व्हॉल्व्ह कव्हर काढून, इंजिन हाताने फिरवत प्रत्येक रॉकर सारखाच उचलला जातो की नाही हे डायल गेजने पाहिले. कॅमचा एखादा उंचवटा झिजला असेल किंवा एखादा लिफ्टर बसला असेल, तर तो इथे कळतो. इंजिन गाडीत चढवल्यावर हेच काम करायचे म्हणजे अर्धी गाडी पुन्हा उघडावी लागते.

जुने इंजिन आणि गिअरबॉक्स काढण्यात सांगण्यासारखे काही नाही. ते काम कष्टाचे असते, अवघड नसते.

खरा विचार मोजमापाच्या वेळी सुरू झाला. कूगर मोनोकॉक पद्धतीची गाडी आहे, म्हणजे तिला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याच्या सांगाड्यालाच सगळे भार पेलावे लागतात. पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा वरच्या बाहूवर बसतात आणि त्यांचा भार बोनेटखाली दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शॉक टॉवरवर येतो. हे टॉवर इंजिनाच्या दोन्ही अंगांना इतके आत सरकलेले असतात की साठच्या दशकातल्या फोर्डमध्ये कोणतेही मोठे इंजिन बसवताना घोडे तिथेच अडते. ओळंबा, पाणसळ आणि गुण्या घेऊन मी टॉवरमधली मोकळी जागा निरनिराळ्या उंचीवर मोजली, कारण हे टॉवर सरळ उभे नसून तिरपे असतात आणि एका ठिकाणचे माप घेऊन काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मापांत ब्लॉक आणि हेड टॉवरमध्ये बसत होती, पण त्यानंतर जी जागा उरत होती तीत एक्झॉस्टचे पाइप, स्टिअरिंगचा खोका आणि प्लग बदलताना लागणारा माणसाचा हात यांपैकी एकच काहीतरी मावले असते.

दोन मार्ग होते. टॉवर राखायचे आणि एक्झॉस्टचे पाइप त्या चिंचोळ्या जागेतून वळवून घ्यायचे, हा पहिला. टॉवर कापून काढायचे आणि त्यांच्या जागी मस्टँग-दोन पद्धतीचे, आडवा क्रॉसमेंबर असलेले कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेले) सस्पेन्शन वेल्ड करायचे, हा दुसरा. पहिल्या मार्गाचे समर्थक सांगतात की गाडीचे मूळ रूप टिकते, आणि ते खरे आहे. परंतु पन्नास वर्षांचा पत्रा, त्यावर खूप वाढलेला टॉर्क, आणि प्लग बदलायला इंजिन उचलावे लागेल अशी रचना, ही मला सुबुद्धपणाची वाटली नाही. मी दुसरा मार्ग घेतला. टॉवर कापण्याआधी गाडी सपाट फरशीवर चार ठिकाणी टेकवून पातळीत आणली, पुढच्या दोन्ही रेलमध्ये (सांगाड्याच्या लांब तुळयांमध्ये) पोलादी चौकोनी नळ्यांचे तात्पुरते आडवे टाके मारले, आणि दरवाजाच्या बिजागरीपासून रेलच्या टोकापर्यंतची तिरकी मापे दोन्ही बाजूंनी नोंदवून ठेवली. टॉवर निघाले की रेलना आत किंवा बाहेर वळायला मोकळीक मिळते. ती वळली तर बोनेट आणि फेंडर यांच्यामधली फट पुन्हा कधीच सारखी येत नाही. नवा क्रॉसमेंबर आधी फक्त टाक्यांवर बसवला, सगळी मापे पुन्हा घेतली, आणि मगच पूर्ण वेल्डिंग केले, तेही थोडे इकडे, थोडे तिकडे अशा क्रमाने, म्हणजे उष्णतेने पत्रा एका बाजूला ओढला जात नाही. पुढचे आणि मागचे रेल गाडीच्या पोटाखालून जोडणाऱ्या पट्ट्याही याच वेळी टाकल्या. मोनोकॉक गाडीला एवढा टॉर्क द्यायचा असेल तर हे काम ऐच्छिक समजू नये.

या निर्णयाचा आणखी एक फायदा ऑइल चेंबरच्या बाबतीत झाला. जुन्या कूगरच्या ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे असतो, कारण स्टिअरिंगचे दांडे आणि क्रॉसमेंबर त्याच्यामागे येतात. नव्या सस्पेन्शनमध्ये क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगचा रॅक दोन्ही पुढे गेल्यामुळे चेंबर मागे खोल असावे लागते. ट्रकचे मूळ चेंबर तरीही चालत नाही. ट्रक जमिनीपासून उंच असतो, त्यामुळे खोली किती असावी याचे बंधन तिथे नसते. कूगरमध्ये ते गाडीच्या पोटाखाली लोंबले असते आणि पहिल्या गतिरोधकावरच फुटले असते. यासाठी बदलकामाकरिता बनवलेले कमी खोलीचे अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर आणि त्याला जुळणारी ऑइल ओढण्याची नळी घेतली. नळीचे तोंड आणि चेंबरचा तळ यांमधले अंतर मातीची गोळी ठेवून, चेंबर आवळून आणि पुन्हा काढून तपासले. ते अंतर फार कमी असेल तर पंपाला ऑइल मिळत नाही, आणि जास्त असेल तर वळणावर पंप हवा ओढतो.

इंजिन किती मागे आणि किती खाली बसवायचे, हे ठरवायला मला सर्वाधिक वेळ लागला आणि तो लागायलाच हवा. मागे सरकवले तर पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि रेडिएटरला जागा मिळते, पण डॅशबोर्डमागची पत्र्याची भिंत आडवी येते. खाली बसवले तर बोनेट मिटते, पण चेंबर जमिनीला जवळ येते. या दोन्हींच्या जोडीला प्रोपेलर शाफ्टचा कोन सांभाळावा लागतो. मी इंजिन मागच्या बाजूला तीन अंश खाली कललेले ठेवले, आणि मागच्या एक्सलचा पिनियन तेवढाच वर उचलला, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे जॉइंट एकमेकांचे दोलन मारून टाकतात. हे कोन जुळले नाहीत तर गाडी ताशी साठ मैलांना थरथरू लागते, आणि लोक मग चाकांचे बॅलन्सिंग करत बसतात. माउंटिंगचे ब्रॅकेट आधी पुठ्ठ्यातून कापले, मग पत्र्यातून, आणि जागा पक्की झाल्यावरच जाड पोलादातून.

यानंतर उंचीचा प्रश्न. गॉडझिलाची रुंदी जितकी सोयीची, तितकीच त्याची उंची गैरसोयीची आहे. ट्रकमधले प्लॅस्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड लांब नळ्यांचे आणि चांगलेच उंच आहे. ट्रकच्या बोनेटखाली माणूस उभा राहू शकेल एवढी जागा असते, त्यामुळे ते कोणाला खटकत नाही. मी मॅनिफोल्डवर ठिकठिकाणी मातीचे गोळे ठेवले, बोनेट हलकेच मिटले, उघडले आणि गोळ्यांची जाडी मोजली. इंजिन त्याच्या सर्वांत खालच्या जागी असूनही बोनेट पूर्ण मिटत नव्हते, आणि कमतरता एखाद्या वॉशरने भागेल अशी नव्हती. बोनेटला भगदाड पाडून मॅनिफोल्ड बाहेर ठेवणारे लोक आहेत. ते पाहणाऱ्याला गंमतीचे वाटते, पण पावसात चालवायच्या गाडीला शोभत नाही.

मी कमी उंचीचे मॅनिफोल्ड बसवले, मात्र आनंदाने नव्हे. लांब नळ्यांमुळे कमी फेऱ्यांना हवा सिलिंडरात अधिक जोमाने भरते, आणि ट्रक इंजिनाचा जो स्वभाव मला हवा होता तो काही अंशी त्या कुरूप प्लॅस्टिकमध्येच आहे. नळ्या आखूड झाल्या की टॉर्कचा भर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. ४४५ घनइंचांच्या इंजिनाकडे खाली एवढे शिल्लक असते की रस्त्यावर ही घट मोठी जाणवत नाही, तरी ती आहे. उरलेली थोडी उंची बोनेटवरच्या स्कूपने मिळाली. १९६९ मध्ये कूगरची एलिमिनेटर नावाची आवृत्ती आली होती आणि तिच्या बोनेटवर असा स्कूप असे, त्यामुळे तो उपरा वाटत नाही.

इंजिनाच्या तोंडाशी असलेली साधनेही ट्रकच्या मापाने मांडलेली असतात. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप हे सगळे बेल्टभोवती असे पसरलेले असते की कूगरच्या रेलमध्ये कॉम्प्रेसर थेट पत्र्यावर आदळत होता. ट्रकचा इंजिनावरून फिरणारा मोठा पंखा आणि रेडिएटर यांनाही जागा नव्हती. सगळे काढून बदलकामासाठी मिळणारा आटोपशीर बेल्टसंच बसवला, आणि दोन विजेचे पंखे जोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेतला. ब्रेकचा व्हॅक्युमवर चालणारा मोठा गोल बूस्टर डाव्या व्हॉल्व्ह कव्हरला भिडत होता. त्याऐवजी स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट बसवल्यावर तोही प्रश्न मिटला. यात एक पथ्य आहे. पंप, रॅक आणि बूस्टर यांची एकमेकांशी जुळणी आधी तपासावी, नाहीतर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग जड होते.

गिअरबॉक्ससाठी मी ट्रेमेकचा पाच गिअरचा टीकेएक्स निवडला. ट्रकचा दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कूगरच्या फरशीखालच्या गिअरबॉक्सच्या बोगद्यात घालायचा म्हणजे गाडीची फरशी कापून नवी करावी लागते, आणि मला हाताने गिअर टाकायचे होते. टीकेएक्स ६०० पाउंड-फूट टॉर्कसाठी प्रमाणित आहे आणि जुन्या गाड्यांच्या अरुंद बोगद्यांचा विचार करूनच त्याचा आकार ठरवलेला आहे. गॉडझिलाच्या मागच्या तोंडावरची बोल्टांची मांडणी फोर्डच्या मॉड्युलर इंजिनांसारखी असल्यामुळे त्याला जुळणारे बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे आवरण, सहज मिळाले. बेल हाउसिंग मिळाले म्हणजे ते क्रँकशाफ्टशी समकेंद्री बसेलच असे नसते. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत, बेल हाउसिंगच्या भोकाची कड तपासावी लागते, आणि गेजवरचा एकूण फरक पाच थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशांच्या) आत आणावा लागतो. त्यापुढे गेला तर ब्लॉकमधल्या नेमपिनांऐवजी केंद्रापासून किंचित सरकवलेल्या पिना घालतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि अनेक जण ते टाळतात. पुढे गिअर अडकू लागले किंवा इनपुट शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागले की दोष गिअरबॉक्सला दिला जातो. जुन्या गाडीतला क्लच पेडलपासून दांड्यांनी चालत असे आणि त्या दांड्यांचा एक टेकू ब्लॉकवर असे. नव्या ब्लॉकवर तसा टेकू नाही, म्हणून क्लच हायड्रॉलिक केला.

आता विजेचे काम. इंजिनाच्या लोखंडात १९६९ च्या मेकॅनिकला बुचकळ्यात टाकेल असे फारसे काही नाही, पण ते चालवणारा मेंदू पूर्णपणे आजचा आहे. अ‍ॅक्सिलरेटर पेडलपासून थ्रॉटलपर्यंत तार जात नाही, संकेत जातो. कॅमचे टायमिंग संगणक बदलतो. ऑइल पंपही गरजेनुसार कमी-जास्त ऑइल देणारा आहे आणि त्यालाही संगणकाचा आदेश लागतो. ट्रकचा मूळ संगणक ट्रकच्या चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेला असतो. त्याला फसवत बसण्यापेक्षा मी फोर्ड परफॉर्मन्सचा नियंत्रण संच घेतला, ज्यात संगणक, वायरिंग हार्नेस, पेडल आणि ऑक्सिजन सेन्सर एकत्र मिळतात. संच आला म्हणून वायरिंग संपत नाही, तरी कोणती तार कुठे जाते याचा शोध घेण्याचे काम वाचते. माझा बहुतेक वेळ अर्थिंगमध्ये गेला. इंजिन ते सांगाडा, सांगाडा ते बॅटरी, संगणक ते सांगाडा अशा प्रत्येक जोडणीखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, आणि प्रत्येक जोडणीवर भार टाकून व्होल्टेज किती पडते ते मोजले. जुन्या गाडीत नवा संगणक घातल्यावर जे विचित्र, कधी येणारे, कधी न येणारे दोष दिसतात, त्यांतले बहुतेक खराब अर्थिंगमुळे असतात.

कूगरचे हेडलाइट जाळीमागे लपलेले असतात आणि त्यांची झाकणे व्हॅक्युमवर उघडतात-मिटतात. नव्या मॅनिफोल्डवरून त्यासाठी एक नळी काढली, मध्ये एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि जुनी साठवण टाकी ठेवली. एवढी उलथापालथ केल्यानंतर ही एक जुनी यंत्रणा जशीच्या तशी चालू राहिली, याचे मला समाधान आहे.

पेट्रोलच्या बाबतीत काळजी घेण्याचे कारण वेगळे आहे. कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाब पुरतो आणि तो इंजिनावरचा यांत्रिक पंप देत असे. नव्या इंजेक्टरना साधारण ५८ पीएसआय लागतो. म्हणजे जुन्या नळ्या, रबरी होस आणि क्लिपा यांतले काहीही ठेवता येत नाही. त्यातच या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीची फरशी असतो. टाकी आणि प्रवासी यांच्यामध्ये मागच्या सीटच्या पुठ्ठ्याखेरीज काही नसते. मी आत पंप आणि पेट्रोल उसळू न देणारे कप्पे असलेली नवी टाकी घेतली, नळ्या दाब सहन करणाऱ्या घेतल्या, आणि डिकी व मागची सीट यांच्यामध्ये पोलादी पत्र्याची भिंत उभारली. हे शेवटचे काम मी इंजिन तसेच ठेवले असते तरी केले असते, आणि कोणतीही जुनी मस्टँग किंवा कूगर चालवणाऱ्याने ते करावे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना आधी इंजेक्टरचा फ्यूज काढून केवळ स्टार्टरवर फिरवले आणि ऑइलचा दाब गेजवर दिसू लागल्यावरच फ्यूज परत लावला. इंजिन जवळजवळ लगेच पेटले. संगणकातल्या कारखान्यात ठरवलेल्या नोंदी ट्रकच्या मॅनिफोल्डसाठी असल्यामुळे ते थंड असताना अडखळत होते. ट्यूनिंग करणाऱ्या जाणकाराने गाडी डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या रोलरवर) चढवून नोंदी बदलल्यावर अडखळणे गेले. इंजिनातले बाकी काही मी बदलले नाही. फोर्ड परफॉर्मन्स याच इंजिनाची ६१५ अश्वशक्तीची आवृत्ती विकते, आणि टर्बो लावून त्याच्याही पुढे जाणारे अनेक आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही. मला मात्र ट्रकचे इंजिन ट्रकच्याच मिजाशीने चालवायचे होते, म्हणजे कमी फेऱ्यांत, बिनधास्त आणि टिकाऊ.

त्यामुळे मागच्या एक्सलचा हिशेब मी त्याच्या बाजूने केला. या प्रकारच्या गाडीत लोक ३.७३ किंवा ४.११ चे डिफरन्शियल घालतात. कमी घनइंचांच्या इंजिनाला जोर करण्यासाठी ते आवश्यक असते, इथे ते मागची चाके जागच्या जागी फिरवण्यापलीकडे काही साधत नाही. मी ९ इंची एक्सलमध्ये ३.२५ चे गिअर ठेवले. पाचवा गिअर ०.६८ चा आणि टायरचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी ७० मैलांना इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास राहते. हायवेवर चढ आला तरी गिअर बदलावा लागत नाही. जुने ३५१ त्याच वेगाला तीन हजारांच्या आसपास ओरडत असे, कारण त्याच्या गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे या पाचव्यासारखा फेऱ्या कमी ठेवणारा गिअर, नव्हता.

रस्त्यावर गाडी कशी वाटते हे सांगायचे तर, ती झपाट्याने धावते यापेक्षा ती कशालाही दाद देत नाही, ही गोष्ट आधी जाणवते. तिसऱ्या गिअरमध्ये शहरातून हळू जाताना पेडल किंचित दाबले की मोठा हत्ती उठून चालू लागावा तशी ती निघते. गर्जना नाही, धडपड नाही. पाच हजारांच्या पुढे नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. वळणांवर नव्या सस्पेन्शनचा फरक इंजिनापेक्षाही मोठा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चातला सर्वांत योग्य ठिकाणी गेलेला पैसा तोच. पुढचे डिस्क ब्रेक मोठे केले आहेत. मागचे ड्रम अजून मूळचेच आहेत आणि ते बदलल्याशिवाय मी लांबच्या प्रवासाला ही गाडी नेणार नाही.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ भरतो, तिथे ती घेऊन गेलो होतो. मुंगीच्या गतीने, भर उन्हात, तासन् तास चालणाऱ्या त्या रांगेत रेडिएटरची खरी परीक्षा होते, आणि तापमानाचा काटा दोन्ही पंखे चालू असताना जागचा हलला नाही. बोनेट उघडल्यावर जमणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट इंजिनाची मापे विचारतो, दुसरा कापलेल्या शॉक टॉवरच्या जागेकडे पाहून मान हलवतो. दुसऱ्या तटाला मी ब्लॉकवरच्या तारखेची गोष्ट सांगतो, आणि जुने इंजिन, गिअरबॉक्स व क्लचचे दांडे गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत हेही सांगतो. त्यातल्या एका गृहस्थाने त्या ३५१ साठी लगेच किंमत विचारली. ते मी विकायला काढले आहे, कारण मागच्या डिस्क ब्रेकचा खर्च त्यातून निघेल.